ट्राउटची माशी आणि सत्तरीतला व्हाळ

गेल्या मे महिन्यात माझा भाचा मित्रांबरोबर हिमाचलला गेला होता. तीर्थन नदीच्या काठावरून त्याने एक व्हिडिओ पाठवला. गुडघाभर पाण्यात उभा असलेला एक स्थानिक माणूस, हातात बारीक लवचिक काठी, डोक्यावरून मागेपुढे जाणारी पिवळी दोरी, आणि शेवटी दोन्ही ओंजळींत धरलेला, अंगभर ठिपके असलेला ट्राउट मासा. त्या माणसाने मासा परत पाण्यात सोडला. व्हिडिओखाली भाच्याचे तीन प्रश्न होते. "मामा, दोरी हवेत एवढी का नाचवतात? पकडलेला मासा सोडला कशाला? आणि हा मासा आपल्या म्हादईत का सोडत नाहीत?"

कुल्लू-मनालीला जाऊन आलेल्या, तिथे ताटात ट्राउट चाखलेल्या बऱ्याच जणांना हेच प्रश्न पडतात. तिसरा तर हमखास. मी स्वतः त्या नदीत दोनदा उभा राहिलो आहे, आणि माझं लहानपण गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पलीकडे, म्हादई नदीच्या खोऱ्यातल्या एका व्हाळाच्या काठी गेलं. म्हणून भाच्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

सुरुवातीलाच एक खुलासा. ट्राउटच्या गोष्टींत इंग्रजी 'क्रीक' हा शब्द वारंवार येतो. तो ऐकून आपल्या डोळ्यांपुढे खाडी येते, खारं पाणी आणि खाजण येतं. ट्राउटच्या संदर्भात क्रीक म्हणजे डोंगरातून उतरणारा, तळाचे दगड दिसतील इतका नितळ, पायी ओलांडता येईल असा ओढा. आपण ज्याला व्हाळ किंवा ओहोळ म्हणतो तोच.

## थंड पाण्याचा मासा म्हणजे किती थंड?

ट्राउट मूळचा भारतातला नाही. ब्राउन ट्राउट युरोपातला आणि रेनबो ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पश्चिम बाजूचा. इंग्रज साहेबांना इथल्या थंड डोंगरांत आपल्या ओळखीचा मासा हवा होता. स्कॉटलंडहून आणलेली ब्राउन ट्राउटची अंडी 1900 च्या सुमारास काश्मीरमध्ये जगली. 1909 मध्ये कुल्लू खोऱ्यात पिल्लं वाढवण्याचं केंद्र निघालं. दक्षिणेत निलगिरीवर आणि मुन्नारच्या वरच्या पठारांवर रेनबो ट्राउट रुजला. या सगळ्या ठिकाणांत सारखी गोष्ट एकच, उंचीमुळे वर्षभर गार राहणारं पाणी.

ट्राउटला साधारण 10 ते 16 अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. 20 च्या वर गेलं की तो खाणं टाकतो, त्याची दमछाक होते. 25 च्या आसपास तो मरायला लागतो. याचं कारण समजायला लिंबू-सोड्याची बाटली आठवा. गार बाटली उघडली तर वायू बराच वेळ पाण्यात मुरून राहतो. उन्हात तापलेली उघडली की फस्सकन सगळा निघून जातो. नदीच्या पाण्यात मुरलेल्या ऑक्सिजनचंही असंच असतं. 10 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 11 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 28 अंशांच्या पाण्यात 8 सुद्धा मावत नाही. त्यातून माशाचं शरीर पाण्याइतकंच तापतं, आणि तापलेल्या शरीराला प्राणवायू जास्त लागतो. म्हणजे गरज वाढते नेमक्या त्याच वेळी साठा कमी होतो. आपले थिगूर आणि मळीतले मासे अशा पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या जगत आले आहेत. ट्राउटची घडणच तशी नाही.

## वजन माशीत नाही, दोरीत आहे

आता भाच्याचा पहिला प्रश्न. आपण गरवतो (गळाने मासे धरतो) तेव्हा गरीला शिसं बांधतो किंवा आमिषाचंच वजन असतं. हात झटकला की ते वजन पुढे उडतं आणि मागून दोरी खेचत नेतं. दगडाला सुतळी बांधून फेकावी तसं.

फ्लाय फिशिंगमध्ये आमिष म्हणजे 'फ्लाय', गळावर पीस, लोकर आणि दोरा गुंडाळून केलेली कृत्रिम माशी. ती उकड्या तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि तिला वजन असं नसतंच. कापसाचा पुंजका जोर लावून फेकून बघा, हातभर अंतरावर गळून पडतो. मग ही माशी 30-40 फुटांवर कशी न्यायची? उपाय असा की वजन दोरीतच ठेवायचं. फ्लाय फिशिंगची दोरी प्लास्टिकचा जाडसर लेप दिलेली असते. लहान ओढ्यासाठी चार किंवा पाच नंबरची वापरतात. पाच नंबरच्या दोरीचे पहिले 30 फूट सुमारे 9 ग्रॅम भरतात, म्हणजे चहाचे दोन चमचे साखर. एवढं वजन 30 फुटांत पसरलेलं असतं. काठी वाकवून त्या लांबलचक वजनाला वेग द्यायचा, दोरी हवेत उलगडत जाते आणि शेवटी माशी अलगद खाली उतरते.

हाताचा झटका कसा असतो ते आपल्याकडच्या कोणालाही कळेल. अंगणात सडा शिंपताना हात पुढे नेऊन एकदम थांबवतो ना? हात थांबतो तेव्हा पाणी सुटतं. हात सावकाश खाली सोडला तर पाणी पायाशीच सांडतं. काठीचंही तसंच. पुढे नेऊन थांबवली की दोरी सुटते. पुढे फेकण्याआधी दोरी मागेही तितकीच सरळ जावी लागते, म्हणून व्हिडिओत ती डोक्यावरून नाचताना दिसते. मागची दोरी पूर्ण उलगडेपर्यंत क्षणभर वाट पाहायची. ती उलगडायच्या आत हात पुढे आणला तर आसूड ओढल्यासारखा आवाज होतो आणि माशी तुटून जाते. मला शिकवणारा गडी दर वेळी एकच शब्द म्हणायचा, "रुको." त्या एका शब्दावर माझे पहिले दोन दिवस गेले.

जाड दोरी पाण्यावर पडली की मासा बिचकेल. म्हणून दोरीच्या टोकाला साधारण नऊ फुटांचा निमुळता होत जाणारा पारदर्शक धागा बांधतात. त्याला लीडर म्हणतात. त्याचं टोक सुमारे 0.15 मिलिमीटर, दोन केस शेजारी शेजारी ठेवावेत इतकं. माशी त्या टोकाला.

अशा गळाला निदान अठराशे वर्षांचा इतिहास आहे. लाल लोकर आणि कोंबड्याची पिसं गळावर बांधून ठिपक्यांचे मासे धरणाऱ्या मॅसिडोनियातल्या लोकांचं वर्णन एलियन या रोमन लेखकाने इ. स. 200 च्या सुमारास केलं होतं. जपानच्या डोंगरी ओढ्यांतल्या कोळ्यांनी तर रील, म्हणजे दोरी गुंडाळायची चकरी, लावलीच नाही. लांब काठी, टोकाला ठराविक लांबीची दोरी आणि माशी. ते या पद्धतीला तेनकारा म्हणतात. हा श्रीमंतांचाच खेळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी तेनकारा पाहावं. ती आपल्या कोंडीवर (डोहावर) दिसणाऱ्या बांबूच्या गरीची सख्खी बहीण आहे.

## पंगतीत बसलेला मासा

फेकणं आठवड्याभरात जमतं. खरी विद्या आहे ती पाणी वाचण्याची, आणि मला या विषयावर लिहावंसं वाटलं ते तिच्यामुळेच.

वाहत्या पाण्यातला ट्राउट अन्नाच्या मागे हिंडत नाही. तो पंगतीत बसलेल्या माणसासारखा एका जागी बसतो, आणि प्रवाह हा त्याचा वाढपी. किडे, अळ्या, पाण्यात पडलेल्या मुंग्या समोरून वाहत येतात, मासा किंचित सरकून घास घेतो आणि परत आपल्या पाटावर येतो. तोंड नेहमी वरच्या दिशेला, जिकडून पाणी येतं तिकडे. मात्र जोराच्या धारेत सतत पोहत राहायला ताकद लागते, आणि मिळालेल्या घासापेक्षा खर्च जास्त झाला तर मासा वाळतो. म्हणून तो अशी जागा निवडतो जिथे स्वतः संथ पाण्यात राहील आणि हातभर अंतरावरून भरधाव पाणी जेवण घेऊन जाईल.

अशा जागा कुठल्या? मोठ्या दगडाच्या मागची सावली. दगडाच्या पुढ्यातही पाण्याची एक गादी तयार होते, नवशिक्याला ती दिसत नाही. खळाळ संपून कोंड सुरू होते ती कड, कारण खळाळात पाण्यात हवा मिसळते आणि दगडांतले किडे सुटून खाली येतात. काठावरची खोदली गेलेली पोकळी, वर झुडूप असेल तर उत्तमच. आणि सगळ्यांत महत्त्वाची ती रेघ, जिथे वेगवान आणि संथ पाणी एकमेकांना घासून जातं. ती ओळखायला सोपी खूण म्हणजे फेस. फेसाचे बुडबुडे ज्या ओळीने जातात त्याच ओळीने अन्न जातं. तीर्थनवर मी सकाळभर निळ्याशार खोल पाण्यात माशी टाकत होतो. तो गडी आला आणि माझ्या पायापासून चार हातांवरच्या फेसाच्या पट्ट्याकडे त्याने नुसती हनुवटी केली. पाणी तिथे गुडघ्याइतकंसुद्धा नव्हतं. तिसऱ्या फेकीला मासा लागला.

## माशी म्हणजे नक्की कोण?

ओढ्याच्या तळाला दगडांच्या खाली एक अख्खं गाव असतं. त्यातली तीन कुळं फ्लाय फिशिंगवाल्याला पाठ असतात: मेफ्लाय, कॅडिस आणि स्टोनफ्लाय.

मेफ्लायचं आयुष्य ऐकण्यासारखं आहे. अंड्यातून निघालेलं पिल्लू काही महिने, कधी वर्षभर, दगडाला चिकटून पाण्यात वाढतं. मग एके दिवशी ते पृष्ठभागावर येतं, पाठ उकलते आणि पंखांचा किडा बाहेर पडतो. पंख वाळेपर्यंत तो पाण्यावर होडीसारखा तरंगत जातो. ही त्याची सर्वांत धोक्याची आणि माशाची सर्वांत सुखाची वेळ. उडून झाडावर बसल्यावर तो आणखी एकदा कात टाकतो. पंख आल्यानंतर पुन्हा कात टाकणारा हा आज जिवंत असलेला एकमेव कीटकगट. मोठ्या किड्याला खाण्याजोगं तोंडच नसतं. काही तास किंवा एखाद-दोन दिवसांत जोडीदार शोधायचा, पाण्यावर अंडी टाकायची आणि संपायचं.

कॅडिसची अळी वाळूचे कण, काटक्या किंवा पानांचे तुकडे लाळेच्या रेशमाने जोडून स्वतःभोवती नळी बांधते आणि ती अंगावर घेऊन हिंडते. काही जातींच्या अळ्या दगडांच्या फटींत बारीक जाळी विणतात आणि प्रवाहातून येईल ते त्यात धरतात, आपल्याकडे पावसात व्हाळाच्या तोंडाला मासे धरायला बांबूचा सापळा लावतात अगदी त्याच बुद्धीने.

आता कृत्रिम माशांचे प्रकार आपोआप समजतील. तळाशी असलेल्या पिल्लाची नक्कल करणारी माशी किंचित जड करून खोल सोडतात, तिला निम्फ म्हणतात. तरंगत्या किड्याची नक्कल म्हणजे ड्राय फ्लाय, जी बुडू नये म्हणून तिला तेलकट लेप लावतात. ट्राउटचं बहुतेक जेवण पाण्याखाली होत असल्याने निम्फला मासे जास्त लागतात, पण ड्राय फ्लायला मासा वर येताना डोळ्यांनी दिसतो आणि तो क्षण पाहण्यासाठी माणसं जन्मभर नदीत उभी राहतात.

कधी कधी एकाच जातीचे हजारो किडे एकाच संध्याकाळी पाण्यातून वर येतात. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर पंख फुटलेल्या वाळव्या दिव्याभोवती उसळतात आणि भिंतीवरच्या पाली दुसऱ्या कशाकडे बघत नाहीत, ते चित्र आठवा. ट्राउटही तेव्हा फक्त तोच किडा, त्याच आकाराचा, त्याच अवस्थेतला खातो. तुमची माशी दोन मिलिमीटरने मोठी असली तरी तिच्याखालून निघून जातो. म्हणून जाणता माणूस नदीवर पोचल्यावर आधी काठी जोडत नाही. तो ओणवा होऊन दगड उलटतो.

## मासा तुम्हाला कसा पाहतो?

नितळ पाणी दोघांनाही पाहू देतं. विहिरीत बुडी मारून वर बघितलं असेल तर आठवेल की डोक्यावर आभाळाचा एक गोल तुकडा दिसतो आणि भोवतालचं पाणी आरशासारखं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे बाहेरचं सगळं जग माशाला सुमारे 97 अंशांच्या एका गोल खिडकीतून दिसतं. मासा फूटभर खोल असेल तर खिडकी सव्वादोन फूट रुंद. तो वर आला तर ती लहान होते. उभा माणूस त्या खिडकीच्या कडेला चेपलेला, पण हलताना स्पष्ट दिसतो. वाकून, जमिनीलगत राहिलेला माणूस जवळजवळ दिसेनासा होतो.

यावरून पाण्यात वावरण्याचे नियम निघतात. मासा वरच्या दिशेला तोंड करून असतो, म्हणून आपण खालून वर जायचं, त्याच्या पाठीमागून. सावली पुढे पडू द्यायची नाही. पाय उचलून टाकायचा नाही, तळाला घासत सरकवायचा, कारण माशाच्या अंगावरच्या रेषेला पाण्यातली बारीकशी थरथरही कळते. गोटा निसटल्याचा ठक् आवाज पाण्यात लांबवर जातो. शेवाळलेल्या दगडांवर आपलाही तोल याच चालीने राहतो. प्रवाह मांडीला लागला की आणखी आत जाण्याचं कारण नाही. लहानपणी चढणीचे मासे बघायला गेलो की आजोबा दटावायचे, "पाणी ढवळू नकोस, बस खाली." तेच आहे हे.

आणि एक शेवटची अडचण. व्हाळात पडलेलं पान कसं वाहतं? पाणी नेईल तसं, त्याच वेगाने. माशीही तशीच वाहिली पाहिजे. पण तिला दोरी बांधलेली आहे आणि मधली दोरी जोराच्या धारेत पडलेली असते. ती पुढे पळते आणि माशीला फरफटत नेते. फरफटणारा किडा माशाने कधी पाहिलेला नसतो. म्हणून दोरी पडल्यावर मनगटाच्या हलक्या वळशाने तिचं पोट उचलून वरच्या अंगाला ठेवायचं. त्यातून चार-पाच सेकंद मिळतात, आणि तेवढ्यातच जे व्हायचं ते होतं.

## गांडूळ लावलं तर काय बिघडतं?

पोट भरायचं असेल तर काहीच बिघडत नाही. गांडुळाला मासे जास्त लागतात हेही खरं. फरक आहे तो गळ कुठे रुततो यात. खरं आमिष मासा गिळतो आणि गळ घशात किंवा आतड्यात जातो. पिसांची माशी त्याला तोंडात घेताच खोटी कळते, तो थुंकतो, आणि गळ बहुधा ओठाच्या कडेला लागतो. असा मासा सोडला तर जगण्याची शक्यता पुष्कळ जास्त. म्हणूनच सोडून देण्याची प्रथा या गळाशी जोडली गेली.

## सोडायचाच असेल तर त्रास कशाला द्यायचा?

हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. माशाला दुखत नाही असं पूर्वी बिनदिक्कत सांगितलं जायचं. 2003 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी रेनबो ट्राउटच्याच डोक्यावर इजा ओळखणाऱ्या चेतातंतूंची टोकं असल्याचं दाखवलं. आपल्यासारखं दुःख त्याला 'वाटतं' का यावर वाद आहे, पण त्याला काहीच होत नाही असं आता म्हणता येणार नाही.

माझं मत असं बनलं आहे. एक मासा ताटासाठी घेऊन थांबणं मला दिवसभरात वीस मासे धरून सोडण्यापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं. आणि सोडायचाच तर नीट सोडावा. गळाचा उलटा काटा आधीच चिमटीने दाबून टाकावा. माशाला हात लावण्याआधी हात ओले करावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याच थरावर त्याचा रोगापासूनचा बचाव असतो. फोटोसाठी पाण्याबाहेर धरून ठेवू नये, आपण धावून दमल्यावर कुणी नाक दाबावं तसं ते आहे. तोंड वरच्या प्रवाहाकडे करून तो स्वतःहून निसटेपर्यंत हाताचा आधार द्यावा. पाणी 20 अंशांच्या वर गेलं असेल तर त्या दिवशी काठी गुंडाळून ठेवावी. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउट धरायला बंदी असते, कारण तेव्हा तो अंडी घालतो. इतर वेळी मत्स्य खात्याचा परवाना लागतो.

## मग म्हादईत ट्राउट का नको?

पहिलं कारण वर आलंच. गोव्यातला सर्वांत उंच सोंसोगडसुद्धा 1200 मीटरच्या आत आहे, आणि मुन्नारचा ट्राउट 2000 मीटरच्या आसपासच्या पठारांवर राहतो. "पण आपल्या झरीचं पाणी किती गार असतं!" असं कुणी म्हणेल. ते गार लागतं, कारण बाहेर 34 अंश असतात. जमिनीतून येणाऱ्या पाण्याचं तापमान साधारणपणे त्या गावच्या वर्षभराच्या सरासरी हवेइतकं असतं, आणि गोव्याची सरासरी 27 च्या आसपास आहे. आपल्याला अंगावर काटा आणणारी झर ट्राउटच्या दृष्टीने तापलेली आहे. टाकीत पाणी यंत्राने गार करून तो वाढवता येतो, पण तो टाकीतला धंदा झाला, त्याचा नदीशी संबंध नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. समजा तो जगला असता, तरी सोडायला नको होता. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांची यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने केली, तिच्यात ब्राउन आणि रेनबो हे दोन्ही ट्राउट आहेत. जिथे सोडले तिथे त्यांनी छोटे स्थानिक मासे आणि बेडूक खाल्ले. त्याच यादीत तिलापियाही आहे, जो आपल्या तळ्यांत केव्हाच येऊन बसला. आफ्रिकन मागुरावर केंद्राने 2000 साली बंदी घातली, तरी तो देशभर पसरला. 2012 पासून पश्चिम घाटातल्या 39 जागा जागतिक वारशाच्या यादीत आहेत. या डोंगरांच्या ओढ्यांत असे मासे आहेत जे पृथ्वीवर दुसरीकडे कुठेच नाहीत. त्यांच्या पंगतीत परका खादाड आणून बसवू नये.

ज्यांना माशीचा गळ गोव्यातच फेकून पाहायचा आहे त्यांना खाडीचं तोंड मोकळं आहे. चोणक आणि तामसो मोठ्या, चकचकीत माशीवर येतात. अभयारण्यातल्या व्हाळांवर मात्र गळ नेऊ नये.

## ट्राउट नाही, मग आपल्याला याचं काय?

मेफ्लाय, कॅडिस, स्टोनफ्लाय ही तिन्ही कुळं आपल्या व्हाळांत आहेत. ट्राउट नाही, पण त्याच्या पंगतीतले पदार्थ सगळे हजर आहेत.

गेल्या जानेवारीत गावच्या व्हाळात मी एक तळहाताएवढा दगड खळाळातून उचलला. खालच्या ओल्या बाजूला नखाएवढं, चपटं, तपकिरी पिल्लू सरकत होतं, मागे तीन केसांसारख्या शेपट्या. पोटाच्या दोन्ही कडांना पानांच्या पाकळ्यांसारखे कल्ले होते, आणि दगड पाण्याच्या उथळ ताटलीत धरला तेव्हा ते लाटेसारखे एकामागून एक हलू लागले. शेजारी वाळूच्या कणांची कॅडिसची नळी, त्यात एक कण अभ्रकाचा, चमचमणारा. मग मी दोनशे पावलं खाली गेलो, जिथे वरच्या उतारावर रस्त्यासाठी खणलेली माती पावसात वाहून आली होती. तिथला दगड उचलताना चिखल सोडतानाचा आवाज आला. खाली गुळगुळीत तांबडा गाळ. फटी बुजलेल्या, आणि लालसर बारीक अळ्या सोडून काही नाही.

या कीटकांचं घर म्हणजे दगडांमधली फट. गाळ आला की फट बुजते, कल्ल्यांवर माती बसते, घर आणि श्वास दोन्ही जातात. वरून पाणी नितळ दिसलं तरी तळ मेलेला असतो. प्रयोगशाळेत नेलेला पाण्याचा नमुना त्या क्षणाचं सांगतो. दगडाखालचं पिल्लू गेल्या कित्येक महिन्यांचं सांगतं, कारण ते तेवढे दिवस तिथे जगलेलं असतं. म्हणूनच जगभर नद्यांची तब्येत तपासताना या तीन कुळांची मोजणी करतात. खाण पट्ट्यातल्या ओहोळांत वर्षानुवर्षं उतरलेल्या लाल मातीने काय केलं असेल हे पाहायचं तर तिथले दगड उलटावे लागतील.

म्हादईच्या पाण्याचा वाद आपण टीएमसीमध्ये ऐकतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे 2,832 कोटी लिटर. लवादाने ऑगस्ट 2018 मध्ये कर्नाटकाला 13.42 टीएमसी दिलं, त्यात कळसा नाल्यावरच्या योजनेसाठी 1.72 आणि भांडुरा नाल्यावरच्या योजनेसाठी 2.18. निवाड्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. या सगळ्या हिशेबात वर्षाचं पाणी मोजलं जातं, आणि वर्षाचं पाणी म्हणजे बहुतांशी चार महिन्यांचा पाऊस. पण मेफ्लायचं पिल्लू, आणि त्याच्यावर जगणारा आपला मासा, वर्षाच्या सरासरीत राहत नाहीत. ते एप्रिलमधल्या घोटाभर खळाळात राहतात. तो खळाळ चार बोटं उतरला तर तो पाणी घुसळेनासा होतो, हवा मिसळत नाही, उरलेलं पाणी उन्हाने लवकर तापतं. ट्राउटसाठी 20 अंशांची जी रेघ आहे तशी प्रत्येक माशाची आपली एक रेघ असते, कुणाची खाली, कुणाची वर. म्हणून म्हादईवर बोलताना 'किती टीएमसी' याच्या जोडीने 'एप्रिलमध्ये खळाळात किती पाणी' हा प्रश्नही विचारला जावा असं मला मनापासून वाटतं.

भाच्याला मी सांगितलंय, डिसेंबर-जानेवारीत ये. पाणी तेव्हा नितळ असतं आणि जोर ओसरलेला. गुडघ्याच्या वर पाणी नको, खळाळातलाच दगड घ्यायचा, आणि उचलताना खालच्या अंगाला एक हात धरायचा म्हणजे सुटणारे किडे तळव्यावर येतात. पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन त्यात बघायचं, दोन मिनिटांच्या आत. मग दगड ज्या खाचेतून काढला त्याच खाचेत, तीच बाजू खाली ठेवून परत बसवायचा. त्या बाजूला अंडी चिकटलेली असतात.